वहीतलं अंदमान

गणपतीच्या आधी माळा साफ करताना आईची एक जुनी वही हाती लागली. शंभर पानी, एकेरी रेघांची. दूधवाल्याचे खाडे, भिशीचे हप्ते, कुणाच्या लग्नात किती आहेर केला, असल्या नोंदींनी भरलेली. मधल्याच एका पानावर मात्र मोठ्या अक्षरात मथळा होता, 'अंदमान, जानेवारी २००५'. खाली आकडे घालून यादी. एक, अण्णांची कानटोपी, बोटीवर वारं असतं. दोन, मेथीचे लाडू आणि दशम्या. तीन, आल्याच्या वड्या, मला बोट लागते. चार, दोनच सुती पातळं, ओझं नको. पाच, जेलमध्ये वाहायला फुलं तिथे मिळतात का, विचारणे. आणि सहा, एक दिवस काही ठरवायचं नाही, समुद्राकाठी नुसतं बसायचं.

वही अण्णांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा पुसला, पान वाचलं, वही मिटली आणि काही न बोलता गॅलरीत जाऊन बसले.

अण्णा साताऱ्यातल्या एका शाळेत तीसेक वर्षं इतिहास शिकवत होते. सेल्युलर जेलचा धडा आला की पुस्तक बाजूला ठेवून ते फळ्यावर खडूने मधोमध एक मनोरा काढायचे आणि त्यातून सायकलच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोरचा कैदी दिसायलाच नको, हे ते इतकं हुबेहूब सांगत की मुलांना वाटे, सर तिथे जाऊन आलेत. सर कधीच गेलेले नव्हते. निवृत्तीनंतर एक ठेव मुदत भरली तेव्हा दोघांनी ठरवलं, जायचं. रेल्वेने मद्रास, तिथून बोट. आईने वहीत यादी केली. आणि २६ डिसेंबर २००४च्या त्या रविवारी सकाळी त्सुनामी आली.

तिकिटं रद्द केली. पुढे वर्षभराने मी विषय काढला, तर अण्णा म्हणाले, "जिथे घरंच्या घरं वाहून गेली, तिथे आपण हवा खायला कसं जायचं?" त्या वेळी ते पटलं. आता वाटतं, ते अर्धंच खरं होतं. घरं पुन्हा उभी राहिली, बोटी पुन्हा सुरू झाल्या, आणि प्रवाशांवर पोट असलेल्या तिथल्या माणसांना आपण येण्याचीच गरज होती. पण तोवर आमच्याकडे बहिणीचं लग्न, माझी बदली, आईचे गुडघे अशी एकेक कारणं रांगेत उभी होती. 'पुढच्या वर्षी' हे दोन शब्द आमच्या घरात सोळा वर्षं चालले. मग टाळेबंदी आली, आणि त्यानंतरच्या वर्षी आई गेली.

वही सापडली त्या रात्री जेवताना अण्णांनीच विषय काढला. "मला एक्क्याऐंशी पूर्ण झालं. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पाय अजून चालतात. न्यायचं असेल तर या वर्षी न्या. नाहीतर फळ्यावरचं अंदमान मला पुरे आहे."

आमच्या सहलीची आखणी अशी सुरू झाली.

सुट्टी आपली, आभाळ त्यांचं

प्रथम अर्थातच मी सोपा मार्ग धरला. ओळखीतल्या एका सहलवाल्याकडून 'सहा रात्री, सात दिवस' असा छापील कागद आणला. त्यात सगळं होतं. सात दिवसांत पाच बेटं, तीन किनारे, गुहा, चिखलाचा ज्वालामुखी आणि खरेदी. सेल्युलर जेलला संध्याकाळी चार ते पाच असा एक तास. तिसऱ्या दिवशी पहाटे अडीचला उठायचं. अण्णांनी कागद वाचला आणि परत केला. "हे इन्स्पेक्शन आल्यासारखं आहे रे. सगळं दाखवायचं, बघायचं काहीच नाही."

तेव्हा आखणी घरीच करायची ठरली. पहिला प्रश्न, कधी? धाकटा आठवीत, त्यामुळे सौ.चं म्हणणं, मे महिन्याच्या सुट्टीत. इथे थोरली मदतीला आली. कॉलेजात भूगोल शिकते. म्हणाली, "आई, दरवर्षी मेमध्ये पेपरात पहिल्या पानावर काय बातमी असते? 'मान्सून अंदमानात दाखल'!" खरंच की! ती बातमी वाचून आपल्याकडचा शेतकरी सुटकेचा श्वास टाकतो, पण त्या बेटांवर त्या वेळी प्रत्यक्ष काय होत असेल, हे आपल्या मनातही येत नाही. साधारण २० मेच्या सुमारास नैर्ऋत्य मोसमी वारे तिथे पोचतात. मग समुद्र खवळतो, लहान बोटी बंद होतात आणि वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर कोसळणाऱ्या पावसाचा मोठा वाटा सुरू होतो.

मग दिवाळीची सुट्टी? तीही बाद. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे महिने. आपल्याकडे पाऊस परतला म्हणून आपण कंदील लावतो, तेव्हा तिथे दुसरा पाऊस चालू असतो. नाताळात हवा बरी, पण सगळा देश तिकडेच निघालेला. उरले जानेवारी ते एप्रिल. त्यातही आधीचे महिने उकाड्याच्या दृष्टीने बरे. आम्ही जानेवारीचा शेवटचा आठवडा धरला. धाकट्याची शाळा आठवडाभर बुडणार. सौ. नाराज होती, पण अण्णा म्हणाले, "इतिहास आणि भूगोल मी घेतो. गणिताचं तू बघ."

दुसरी गोष्ट घड्याळाची. अंदमान आपल्यापेक्षा इतकं पूर्वेला आहे, की घड्याळ भारताचंच असलं तरी सूर्य वेगळ्या वेळापत्रकाने चालतो. जानेवारीअखेर साताऱ्यात सातनंतर उजाडतं, तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य वर आलेला असतो आणि साडेपाचच्या आत मावळलेला असतो. सकाळी नऊला आरामात न्याहारी करून निघणाऱ्याचा तिथे निम्मा दिवस वाया जातो. आमच्यापुरता हा प्रश्न उलटा होता. अण्णा पहाटे चारला उठतात आणि साडेआठला झोपतात. धाकटा म्हणाला, "म्हणजे आजोबांचं घड्याळ आधीपासूनच अंदमानचं आहे!"

बोटीने की विमानाने?

यावर घरात दोन दिवस वाद झाला. अण्णांना बोटीनेच जायचं होतं. सावरकरांना १९११ साली मद्रासहून 'महाराजा' बोटीने नेलं, ४ जुलैला ते तिथे उतरले. ते काळं पाणी ओलांडल्याशिवाय त्या तुरुंगाचा अर्थ कळत नाही, असं अण्णांचं मत. मुद्दा बिनतोड होता. पण चेन्नईहून समुद्रमार्गे हे अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास, आणि बोटीला अडीच-तीन दिवस लागतात. शिवाय या बोटी रेल्वेसारख्या रोज सुटत नाहीत, हवामानाप्रमाणे तारखा मागेपुढे होतात. अण्णांच्या डॉक्टरांनी एका वाक्यात निकाल दिला, भर समुद्रात रक्तदाब वाढला तर काय करणार? विमानाने चेन्नईहून तेच अंतर दोन-सव्वादोन तासांचं. अण्णा ऐकले, पण एका अटीवर. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना बोट हवी आणि त्यांना डेकवर उभं राहू द्यायचं. सौ.ने वहीतल्या यादीत बघून कानटोपी बाहेर काढली.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. तिकिटं काढताना नावांचा घोळ होतो. ज्याला अण्णा पोर्ट ब्लेअर म्हणतात, त्याचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी तिथे तिरंगा फडकवला. त्या घटनेला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा, २०१८ साली, हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. बोलण्यात अजून जुनी नावं आहेत, कागदावर नवी. दोन्ही ठाऊक असलेली बरी.

धाकट्याला इंदिरा पॉइंटला जायचं होतं. भारताचं दक्षिण टोक, भूगोलाच्या पुस्तकातलं. नकाशा पसरला तेव्हा त्याला कळलं की 'अंदमान-निकोबार' हा शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण ते टोक पोर्ट ब्लेअरपासून पाचशे किलोमीटरहून दूर आहे. निकोबारला जायला आपल्यालाही वेगळा परवाना लागतो आणि तो सहलीसाठी सहज मिळत नाही. २००४च्या भूकंपात ते टोक सव्वाचार मीटर खाली खचलं आणि तिथला दीपस्तंभ पाण्यात आला. पोरगा बराच वेळ नकाशाकडे बघत होता. मग त्याने इंदिरा पॉइंटवर पेन्सिलीने हलकी काट मारली. आमच्या आखणीतली ही पहिली काट.

कोठडी आणि खिडकी

दुसरी काट मात्र सहज पडली नाही.

सहलवाल्याच्या कागदावरच्या त्या पहाटे अडीचच्या उठण्यामागे बाराटांग बेट होतं. तिथे चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचे बुडबुडे काढणारा ज्वालामुखी आहे, खारफुटीतून जाणारी होडी आहे. धाकटा त्या गुहांवर खूश. पण रस्त्याने जायचं तर तो जारवांच्या राखीव जंगलातून जातो. पहाटेपासून गाड्यांचे तांडे पोलीस बंदोबस्तात सोडतात. थांबायचं नाही, खिडकीतून काही द्यायचं नाही, फोटो काढायचा नाही. असे नियम का करावे लागले? जारवा काही शेच उरले आहेत. १९९७-९८च्या सुमारास ते जंगलाबाहेर येऊ लागले, आणि १९९९मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्या घरातला साधा गोवर त्यांच्या शरीराला अनोळखी. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या भागातला रस्ता बंद करायला सांगितलं. रस्ता चालूच राहिला. २०१२मध्ये जारवा बायकांना खाण्याच्या आमिषाने प्रवाशांपुढे नाचवल्याची चित्रफीत जगभर गाजली, तेव्हा आपल्याला थोडी लाज वाटली.

थोरली म्हणाली, "मी त्या गाडीत बसणार नाही." धाकटा म्हणाला, "आपण थोडेच त्यांना बघायला चाललोय? गुहा बघायला चाललोय. मी डोळे मिटून बसेन." सौ.चं मत, सगळेच जातात, आपण न गेल्याने काय फरक पडणार? मला तिघांचंही पटत होतं. शेवटी सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं.

अण्णांनी मास्तरकीच्या आवाजात सुरुवात केली. १० मार्च १८५८ला पहिले दोनशे कैदी तिथे उतरले, सत्तावन्नच्या उठावातले. त्यांच्याकडून इंग्रजांनी जंगल तोडून घेतलं. ते जंगल कुणाचं होतं? ग्रेट अंदमानी लोकांचं. १८५९मध्ये ते धनुष्यबाण घेऊन इंग्रजांवर चालून गेले आणि तोफांपुढे हरले. पुढे रोगराईने काही हजारांचे काही डझन उरले. "मी तीस वर्षं धडा शिकवला," अण्णा म्हणाले, "पण कैद्यांची गोष्ट सांगितली, जंगलवाल्यांची कधी सांगितली नाही. पुस्तकात नव्हती. आता कोठडीपुढे उभं राहून मी डोळे पुसायचे आणि दुसऱ्या दिवशी गाडीच्या खिडकीतून जिवंत माणसं बघत जायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. तुम्ही जा, मी खोलीवर थांबेन."

कुणीच जाणार नव्हतं, हे उघड होतं. बाराटांगला समुद्रमार्गेही जाता येतं, पण तो लांबचा प्रवास अण्णांना झेपणारा नव्हता. दुसरी काट धाकट्याने स्वतः मारली, या वेळी पेनाने. त्याच्या समाधानासाठी प्रवाळाची सहल वाढवली. वांडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानातून जॉली बॉय बेटावर बोटी जातात. बेटावर प्लास्टिकची पिशवीसुद्धा नेऊ देत नाहीत. तळाला काच बसवलेल्या होडीतून प्रवाळ बघता येतात, म्हणजे पोहता न येणाऱ्या आजोबांनाही. १९९८ आणि २०१० साली समुद्राचं पाणी तापल्याने तिथले कितीतरी प्रवाळ पांढरे पडले. आपण पाय देऊन जे मोडतो ते पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं जातात. शंख-प्रवाळ खिशात घालून आणायचे नाहीत, तो गुन्हा आहे, हेही त्याला आधीच सांगून ठेवलं. पाण्यात उतरायचं ते फक्त जिथे उतरू देतात तिथेच. त्या खाड्यांमधून खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि किनाऱ्यावरच्या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत.

रिकामा दिवस

इतकं गाळूनही सात दिवस गच्च भरले होते. पहिल्या दिवशी पोचून विश्रांती. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्युलर जेल, संध्याकाळी तिथलाच ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम. त्यात आवारातला जुना पिंपळ गोष्ट सांगतो, असं ऐकलं आहे. तिसऱ्या दिवशी समोरचं रॉस. एके काळी इंग्रजांची ऐट तिथे होती, आता भिंतींना झाडांच्या मुळ्यांनी वेढलंय आणि पडक्या चर्चभोवती हरणं फिरतात. चौथ्या दिवशी बोटीने स्वराज द्वीप, राधानगरचा किनारा. पाचव्या दिवशी शहीद द्वीप, तिथला खडकाचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच नीट बघता येतो. सहाव्या दिवशी परत येऊन जॉली बॉय, सातव्या दिवशी विमान.

कागद सुबक दिसत होता. थोरलीने रंगीत पेनांनी चौकटी आखल्या होत्या. तेव्हा सौ.ने विचारलं, "अहो, आणि चौथ्या दिवशी बोट सुटलीच नाही तर?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. धक्क्यावर धोक्याचा बावटा लागला की सगळी आखणी तिथेच थांबते. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडाचं असंच झालं होतं. वाऱ्यामुळे लहान बेटावर दोन दिवस अडकले, परतीचं विमान गेलं, नवी तिकिटं घेताना सहलीइतकाच खर्च झाला. दोष कुणाचा नव्हता. बेटावर गेलेल्या माणसाने समुद्राला गृहीत धरलं, एवढंच.

मी वही पुन्हा उघडली. सहावा मुद्दा: एक दिवस काही ठरवायचं नाही. आईला हवामानशास्त्र ठाऊक नव्हतं, ती कधी कोकणापलीकडे समुद्रावर गेली नव्हती. पण घर चालवणाऱ्या बाईला माहीत असतं की महिन्याच्या हिशेबात थोडे पैसे नावाशिवाय ठेवावे लागतात. कशासाठी ते आधी सांगता येत नाही, पण लागतात.

मग आम्ही शहीद द्वीप काढून टाकलं. स्वराज द्वीपवर दोन रात्री, त्यातला एक पूर्ण दिवस कोरा. आणि एक पक्का नियम केला, विमानाच्या आधीचा अख्खा दिवस आणि रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच. बोट वेळेवर आली तर तो दिवस आमचा, नाहीतर समुद्राचा. औषधं दुप्पट दिवसांची घ्यायची, थोडी रोख रक्कम जवळ ठेवायची आणि सगळ्यांची ओळखपत्रं एका पाकिटात. लाडू-दशम्यांचं खातं सौ.ने घेतलं. भाजीपाला तिथे बराचसा मुख्य भूमीवरून बोटीने येतो, तेव्हा अमुकच हवं असा हट्ट करायचा नाही, हे धाकट्याकडून लिहून घेतलं.

बोट वेळेवर आली तर त्या उरलेल्या दिवसाचं काय करायचं, हे अण्णांनी सांगितलं. पुन्हा सेल्युलर जेल. "पहिल्या दिवशी तुम्ही फिरून बघा. दुसऱ्यांदा मला नावं वाचायची आहेत." एका कागदावर त्यांनी नावं लिहून ठेवली आहेत. सावरकर बंधू तर आहेतच, पण बारींद्र घोष, उल्हासकर दत्त आणि १९३३च्या उपोषणात मरण पावलेले महावीर सिंह, मोहित मोइत्रा, मोहन किशोर नामदास हेही. "एक कोठडी बघून परत यायचं नाही. सातशेच्या आसपास होत्या."

आता फक्त एकच गोष्ट आमच्या हातात नव्हती, अण्णांचे गुडघे. सात इमारतींपैकी तीनच उरल्या आहेत. सावरकरांची कोठडी सर्वात वरच्या मजल्यावर, ओळीच्या टोकाला आहे. वर जायला जिना चढायचा. मी हे अण्णांना सांगायचं टाळत होतो. खालूनच बघू म्हणावं, आवारात खुर्ची मिळते का बघावं, असं मनाशी घोळवत होतो.

परवा संध्याकाळी बँकेतून आलो तर लिफ्ट वर गेलेली. जिन्याने निघालो. पहिल्या मजल्याच्या वळणावर अण्णा कठड्याला धरून उभे. कपाळावर घाम, हातात काठी.

"अहो अण्णा, लिफ्ट बंद आहे का?"

"नाही रे, चालू आहे."

"मग?"

ते जरा ओशाळले. "दसऱ्यापासून रोज चढतोय. आधी एक मजला, आता दोन. तिथे दोन जिने चढायचे, हे मी फळ्यावर किती वेळा काढून दाखवलंय. तू सांगत नव्हतास, म्हणून मीही विचारलं नाही."

मी त्यांचा दंड धरायला हात पुढे केला. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग मी मागे, ते पुढे, असे आम्ही निघालो. प्रत्येक पायरीवर क्षणभर थांबत ते मोठ्याने आकडे म्हणत होते, पाढे म्हणवून घ्यावेत तसे. दारात सौ. पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. बहुधा तीही हे दसऱ्यापासून बघत असावी.